वॉर्ड, घर आणि उभारी: विवाहित सिस्टरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात मी एकवीस वर्षं वॉर्डात काढली, त्यातली शेवटची सहा इन्चार्ज म्हणून. आता समुपदेशन करते आणि नर्सिंगच्या मुलींना मानसशास्त्र शिकवते. खालचे प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले आहेत, सत्र संपल्यावर जिन्यात विचारलेले आहेत, आणि एक तर सात रस्त्याच्या सिग्नलला शेजारच्या स्कूटीवरून आलेला आहे. तेच तेच पुन्हा येतात म्हणून एकत्र लिहून काढले. माणसं आणि दवाखाने ओळखू येणार नाहीत एवढी काळजी घेतली आहे. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात पुन्हा लिहिलेलं नाही, क्रमांक दिला आहे तिकडे जा.

१. मॅडम, हे 'रेझिलियन्स' म्हणजे सहनशक्तीच ना?

नाही, आणि सगळा घोळ इथेच होतो. पुस्तकात त्याला 'लवचीकता' म्हणतात. मला 'उभारी' हा शब्द जवळचा वाटतो. फटका बसल्यावर माणूस वाकतो आणि पुन्हा सावरतो, ती उभारी. फटका बसला हे दिसूच द्यायचं नाही, ते सोसणं.

दोन सिस्टर डोळ्यांसमोर आणा. आयसीयूत एका रात्रीत दोन पेशंट गेले, वर नातेवाइकांचा आरडाओरडा झाला. पहिली सकाळी हँडओव्हर देऊन गुपचूप घरी जाते आणि कणीक मळायला घेते. दुसरी जिन्यात दहा मिनिटं रडते, मैत्रिणीला फोन लावते, घरी जाऊन "आज डब्याचं तुम्ही बघा" म्हणते आणि झोपते. रात्री आठला दोघीही ड्युटीवर हजर. आपल्याकडे कौतुक पहिलीचं होतं, "किती खंबीर आहे बाई." मला काळजी पहिलीची वाटते. सोसलेलं कुठे जात नाही, साठत राहतं.

२. ही उभारी जन्मतःच असते का? माझी आई कशानेच डगमगायची नाही, मी मात्र लगेच कोसळते.

थोडा भाग स्वभावाचा असतो. ज्यांचं मन मुळातच पटकन धास्तावतं त्यांना सावरायला जास्त कष्ट पडतात, हे खरं. पण तेवढ्यावर गोष्ट संपत नाही. हवाई बेटांपैकी काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांवर एमी वर्नर आणि सहकाऱ्यांनी कित्येक वर्षं लक्ष ठेवलं. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांची आजारपणं असं सगळं वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं चांगली, सक्षम माणसं झाली. त्यांच्यात अलौकिक काही नव्हतं. बहुतेकांच्या आयुष्यात एखादं तरी भरवशाचं माणूस होतं, आजी म्हणा, शिक्षक म्हणा, शेजारीण म्हणा. पुढे २००१ मध्ये ॲन मास्टन यांनीही हेच मांडलं: उभारी अगदी साध्या, रोजच्या गोष्टींतून येते.

आणि तुमच्या आईबद्दल. ती डगमगायची नाही, की तुमच्यासमोर डगमगायची नाही? एकदा विचारून बघा.

३. एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रोजेक्टला विवाहित नर्सेसची उभारी मोजायची आहे. कोणती स्केल घेऊ?

जास्त वापरली जाणारी म्हणजे कॉनर-डेव्हिडसन स्केल, २००३ ची. २५ विधानं, गुण ० ते १००. तिची १० विधानांची आवृत्तीही आहे. आणखी छोटी हवी असेल तर २००८ ची सहा विधानांची ब्रीफ रेझिलियन्स स्केल. ती नेमकं 'किती लवकर सावरता' एवढंच विचारते. वैवाहिक जुळवून घेण्यासाठी ग्रॅहम स्पॅनिअर यांची १९७६ ची ३२ प्रश्नांची स्केल जुनी असली तरी अजून चालते. वापरण्याआधी परवानगी लागते का ते तपासा, आणि मराठी रूपांतर स्वतः बसल्या बसल्या करू नका.

दोन गोष्टी गाइड कदाचित सांगणार नाहीत. एक, प्रश्नावल्या स्टाफरूममध्ये मेट्रनच्या देखत भरून घेतल्या तर सोलापुरातली सगळी लग्नं सुखी निघतील. बंद पाकीट द्या, नाव नको, पेटी बाहेर ठेवा. दोन, एकाच वेळी मोजलेल्या दोन गोष्टी सोबत वरखाली झाल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं ठरत नाही. चांगल्या लग्नामुळे उभारी आली, की उभारी असल्याने लग्न टिकलं, की दवाखान्यात माणसं पुरेशी असल्याने दोन्ही बरं चाललंय? निष्कर्षात 'संबंध आढळला' एवढंच लिहा.

४. मग लग्न झालेल्या सिस्टर बिनलग्नाच्यांपेक्षा जास्त तग धरतात का?

मंगळसूत्राने फरक पडत नाही, घरात काय चाललंय त्याने पडतो. यावरचे दोन प्रयोग मला फार आवडतात, कारण ते आपल्या भाषेतले आहेत.

पहिला २००६ चा, जेम्स कोन यांचा. १६ विवाहित स्त्रियांना एमआरआय मशीनमध्ये झोपवून घोट्याला विजेचा हलका झटका बसू शकतो असं सांगितलं. एकदा हात कोणीच धरला नव्हता, एकदा अनोळखी माणसाने धरला, एकदा नवऱ्याने. नवऱ्याचा हात असताना मेंदूतली धोक्याची धावपळ सगळ्यात कमी झाली. आणि ज्यांचं नातं चांगलं होतं त्यांच्यात ती आणखी कमी झाली.

दुसरा २००५ चा, किकोल्ट-ग्लेसर आणि सहकाऱ्यांचा. ४२ जोडप्यांच्या हातावर छोटे फोड आणून जखमा किती दिवसांत भरतात ते पाहिलं. त्यासाठी जोडपी दवाखान्यात दोनदा मुक्कामाला ठेवली: एका मुक्कामात एकमेकांना आधार देणाऱ्या गप्पा, दुसऱ्यात वादाचा विषय. वादानंतर जखम भरायला जास्त वेळ लागला. जी जोडपी एकमेकांशी तुसडेपणाने वागत होती त्यांच्या जखमा इतरांच्या साधारण ६० टक्के वेगानेच भरल्या. आपण रोज ड्रेसिंग करतो. शुगर बघतो, प्रोटीन बघतो. घरी काय चाललंय हे कोण विचारतं?

तेव्हा चांगलं लग्न आधार देतं, वाईट लग्न दुसरी नाइट ड्युटीच असते. एकटीने राहणाऱ्यांबद्दल प्रश्न १९.

५. मनाच्या बाजूने काय काय लागतं? नवऱ्याचं राहू द्या, माझ्या हातात काय आहे ते सांगा.

पहिलं म्हणजे 'मला हे जमतं' हा विश्वास. अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये दाखवलं की तो भाषणाने येत नाही, स्वतः करून जमल्याने येतो. नवीन मुलीला पहिल्या महिन्यात अवघड व्हेन (शिरेतली सुई) तुम्ही लावून दिलीत तर तिचं काम होतं. शेजारी उभं राहून तिच्याकडून लावून घेतलीत तर तिची उभारी वाढते.

दुसरं, घडलेल्या गोष्टीकडे बघण्याची नजर. जेम्स ग्रॉस यांच्या अभ्यासात भावना हाताळायच्या दोन रीती येतात. एक, प्रसंगाचा अर्थच वेगळा लावून बघणं: "तो माझ्यावर नाही ओरडला, बाप मरायला टेकलाय म्हणून ओरडला." दुसरी, राग तसाच ठेवून चेहऱ्यावर येऊ न देणं. पहिली वापरणाऱ्यांचं मन आणि नाती बरी राहतात. दुसरीत आतली खळबळ कमी होत नाही, फक्त बाहेर दिसत नाही. पण आपल्याला वॉर्डात पगार दुसरीचाच मिळतो, त्याचं पुढच्या प्रश्नात.

तिसरं, काय आपल्या हातात आहे आणि काय नाही हे ओळखणं. ड्युटी लिस्ट बदलता येत असेल तर प्राणायाम करत बसू नका, जाऊन बोला. बदलता येत नसेल तर रोज तिच्यावर चडफडू नका.

६. पेशंटशी कितीही वेळा गोड बोलते, आणि घरी पाऊल टाकलं की मुलांवर खेकसते. मी वाईट आई आहे का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. बहुतेक वेळा रात्री अकराच्या पुढे.

वाईट आई नाही. आर्ली हॉक्सचाइल्ड यांनी १९८३ मध्ये विमानातल्या हवाई सुंदरींचा अभ्यास करून दाखवलं की ठरावीक भावना चेहऱ्यावर ठेवणं हेसुद्धा कामच आहे, त्यात शक्ती खर्च होते. आपलं तर त्यांच्याहून अवघड. त्यांच्या प्रवाशाला सहसा सलाइन लावावं लागत नाही. आठ तास "हो काका, आलेच", "नाही हो ताई, डॉक्टर येतायत" म्हटल्यावर घरी मुलाने "आई, माझं ज्योमेट्री बॉक्स कुठंय" विचारलं की बांध फुटतो. मुलगा चुकीच्या वेळी भेटलेला असतो, इतकंच.

हवाई वाहतूक नियंत्रकांवर रेना रेपेटी यांनी १९८९ मध्ये केलेला अभ्यास इथे फार कामाचा आहे. कामाचा ताण जास्त होता त्या दिवशी ही माणसं घरी येऊन गप्प गप्प राहायची, कोषात जायची. ज्यांच्या जोडीदाराने ते समजून थोडा वेळ एकटं सोडलं त्यांच्या घरात चिडचिड कमी झाली. म्हणजे कामावरून आल्यावरची काही मिनिटं 'रुसणं' नसतं, ती गरज असते. घरच्यांना ते सांगावं लागतं, आपोआप कळत नाही.

एक सिस्टर माझ्याकडे यायच्या, जुळे सोलापूरला घर. इव्हनिंग संपवून आल्या की अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये गाडी स्टँडला लावून त्यावरच बसायच्या. हेल्मेट न काढता. मी विचारलं, हेल्मेट का नाही काढत? म्हणाल्या, "हेल्मेट असलं की वरच्या काकू हाक मारत नाहीत." दहा मिनिटं, मग वर. त्यांना ही सवय कोणी शिकवलेली नव्हती. मी मात्र आता सगळ्यांना सांगते.

कुणाचं हेल्मेट असतं, कुणाची आंघोळ, कुणाचा गॅलरीत उभ्याने प्यायलेला चहा. गणवेश बदलेपर्यंत मुलांनी काही विचारायचं नाही असा नियम पाच वर्षांच्या पोरालाही समजतो, फक्त तो रोज पाळावा लागतो. आणि खेकसलातच तर रात्री मुलाला सांगा, "तुझी चूक नव्हती, मी दमले होते." पोरं माफ करतात, आपल्यापेक्षा लवकर.

७. नवरा खरंच मदत करतो. भांडी घासतो, मुलांना सोडतो. तरी मीच का एवढी दमते?

कारण तो 'मदत' करतो. म्हणजे काम तुमचं, हातभार त्याचा.

सरकारच्या २०२४ च्या वेळेच्या वापराच्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ गेला, पुरुषांचा ८८ मिनिटं. हे हाताने होणाऱ्या कामाचं झालं. डोक्यात चालणारं काम यात मोजलंच जात नाही: गॅस कधी संपेल, पोराची फी भरली का, सासऱ्यांची बीपीची गोळी उद्यापर्यंत पुरेल का.

सोलापूरकरांना उदाहरण पाण्याचं देते. नळ रोज येत नाही, चार-पाच दिवसांआड येतो, आणि येण्याची वेळही बदलते. आज आपल्याकडे पाणी आहे हे लक्षात ठेवणं, मोटर लावणं, टाकी-पिंप भरणं, हे घराघरात कुणाच्या तरी डोक्यावर असतं. आमच्याकडे ते माझ्या डोक्यावर होतं. एकदा नाइट करून आले, मोटर लावली आणि नळाशेजारच्या पाटावर बसल्या बसल्या झोपले. टाकी भरून वाहिली, जिन्यातून पाणी खालच्यांच्या दारात. खालच्या वहिनी भांडायला आल्या, त्यांचंही बरोबरच होतं. त्या दिवसापासून यांनी पाण्याचा गजर स्वतःच्या मोबाइलमध्ये लावला. मला काही सांगितलं नाही, मला महिनाभर कळलंही नाही. मला एवढंच जाणवलं की हल्ली बरं वाटतंय.

ज्या घरात एक-दोन कामं नवऱ्याच्या *डोक्यावर* गेली त्या घरातल्या सिस्टर वेगळ्या दिसतात, हा माझा अनुभव. निम्मं-निम्मं व्हायला हवंच असं नाही. वाटणी दोघांना रास्त वाटायला हवी.

८. नाइट करून आल्यावर सासूबाई झोपू देत नाहीत. "दिवसा कोण झोपतं?" म्हणतात. काय सांगू?

भांडू नका, आकडा सांगा. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं काम रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसासारखं होतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. आपल्याकडे गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. आदल्या दुपारी चारला उठलेली आणि रात्रभर ड्युटी करून सकाळी होटगी रोडने घरी निघालेली सून कुठल्या अवस्थेत गाडी चालवते, हे सासूबाईंना एकदा नीट समजलं की बऱ्याचदा त्याच म्हणतात, "झोपू दे की तिला." सुनेबरोबर माझ्याकडे आलेल्या एका आजींनी तर दारावर स्वतः पाटी लावली, दूधवाल्याने बेल वाजवू नये म्हणून.

दिवसाची झोप रात्रीपेक्षा तुटकच असते, शरीराचं घड्याळ उलटं चालत असतं. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या पुढे असताना पत्र्याच्या खोलीत दुपारी झोप लागणं कठीण. घरातली सगळ्यात थंड, अंधारी खोली नाइटच्या आठवड्यापुरती सिस्टरची, एवढं ठरवून घ्या. ड्युटीवर जायच्या आधी संध्याकाळी तासभर पडता आलं तर पहाटेचे तीन ते पाच सोपे जातात. झोप मोडली की प्रश्न ५ मधलं काहीच चालत नाही. मी समुपदेशनात पहिला प्रश्न लग्नाचा विचारत नाही, झोपेचा विचारते.

९. काही सांगायला गेलं की नवरा लगेच म्हणतो, "मग सोड नोकरी." मला फक्त ऐकायला माणूस हवंय.

त्याला वाटतं तो प्रश्न सोडवतोय. सुरुवात करतानाच सांगा: "उपाय नकोय, पाच मिनिटं ऐका." हे ऐकायला विचित्र वाटतं, पण चालतं.

जोडप्यांनी ताण मिळून कसा पेलायचा यावर गी बोडेनमान यांनी बरंच काम केलं आहे. 'तुझा ताण' आणि 'माझा ताण' याऐवजी 'आपल्या घरावर आलेला ताण' असं दोघं बोलायला लागली की नातं टिकतं, असा त्याचा गाभा. बोल्गर आणि सहकाऱ्यांच्या २००० मधल्या अभ्यासात, वकिलीची परीक्षा देणाऱ्यांच्या जोडीदारांकडे पाहताना, एक गमतीची गोष्ट निघाली: जो आधार घेणाऱ्याच्या लक्षातही आला नाही त्याने जास्त फायदा झाला. आमचा पाण्याचा गजर आठवतो ना.

वाईट बातमीइतकंच चांगल्या बातमीला काय उत्तर मिळतं ते बघा. "आज तो व्हेंटिलेटरवरचा मुलगा घरी गेला" असं तुम्ही सांगितलं आणि मोबाइलमधून मान वर न करता "बरं" आलं, तर पुढच्या वेळी तुम्ही सांगणार नाही. नवऱ्यांनो, हे वाचत असाल तर मान वर करा.

१०. माझा पगार घर चालवतो. यांचा यंत्रमाग बंद पडल्यापासून हे घरीच असतात. आता प्रत्येक गोष्टीवरून वाद होतो.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांची ही कथा आहे. घरात तेलुगू, वॉर्डात मराठी, आणि चादरी-टॉवेलचा धंदा बसला की सगळा भार सुनेच्या पगारावर. अमेरिकेत आयोवातल्या शेतकी पट्ट्यातल्या जोडप्यांवर रँड काँगर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात असं दिसलं की पैशाच्या चणचणीतून मनस्ताप येतो, मनस्तापातून भांडण, भांडणातून लग्न पोखरतं. मात्र एकमेकांना आधार देणाऱ्या जोडप्यांत चणचणीचा मनावरचा घाव हलका होता. म्हणजे शत्रू चणचण आहे, समोरचा माणूस नाही. हे वाक्य बोलायला सोपं, रात्री दहाला आठवायला कठीण.

ज्याचा हातातला धंदा गेला त्याला 'तू काहीच करत नाहीस' हे रोज न बोलताही ऐकू येत असतं. घरातला एखादा पूर्ण विभाग त्याचा करा, उपकार म्हणून नाही. आणि तुमच्या एटीएम कार्डाचा पिन तुमच्याकडेच असू द्या. प्रेम आणि पिन वेगळे ठेवता येतात.

११. नवरा पुण्याला नोकरीला, पंधरा दिवसांनी येतो. आला की दोन दिवस भांडणातच जातात.

तो विश्रांतीला आलेला असतो आणि तुम्ही भार खाली ठेवायला थांबलेल्या असता. दोघंही बरोबर, म्हणून भांडण. हुतात्मा एक्स्प्रेसमधून उतरल्याच्या रात्री हिशेब काढू नका. लाइटबिल, मुलाचे मार्क, सासूबाईंची तक्रार हे फोनवर आधीच मिटवून घ्या. तुमचे ऑफ त्याच्या येण्याशी जुळतात का, हे इन्चार्जला महिन्याच्या सुरुवातीला विचारा. लिस्ट लागल्यावर विचारलंत तर मी इन्चार्ज असते तरी नाहीच म्हटलं असतं.

१२. नवराही त्याच हॉस्पिटलात ब्रदर आहे. हे बरं की वाईट?

समजून घ्यायला बरं, वॉर्ड घरी यायला वाईट. जेवताना पेशंटचा विषय नाही, एवढा एकच नियम करून बघा. दोघांच्या नाइट एकाच आठवड्यात पडत असतील तर मुलांचं काय, हे इन्चार्जला लेखी द्या.

१३. बाळंतपणानंतर रुजू झाले. काम येत असूनही हात थरथरतात, सारखं रडू येतं.

रजेचं आधी. २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, त्यापुढच्या मुलासाठी १२ आठवडे. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायला सुट्टी मिळते. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं. खासगी दवाखान्यात हे मागणाऱ्या मुलीकडे 'जास्त शहाणी' म्हणून बघतात, ते मी पाहिलं आहे. मागा तरी.

रडण्याचं नंतर, पण तेच महत्त्वाचं. बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांतलं रडू बहुतेकींना येतं आणि जातं. दोन आठवड्यांच्या पुढे टिकलं, बाळाबद्दल काहीच वाटेनासं झालं, किंवा 'मी नसलेलीच बरी' असं मनात आलं तर हे उभारी कमी पडल्याचं लक्षण नाही, प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. त्याला उपचार आहेत आणि ते लागू पडतात. आपण पेशंटला सांगतो तेच स्वतःला सांगायचं: डॉक्टरकडे जा. शेवटचा विचार आला असेल तर आजच जा. प्रश्न १७ मधला नंबरही बघा.

१४. पेशंट गेला की आता काहीच वाटत नाही. मी दगड झाले का?

दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. सतत दुसऱ्याचं दुःख झेलून मन सुन्न होतं, हा एक प्रकार. दुसरा: काय करायला हवं हे माहीत होतं, पण माणसं कमी, औषध नाही, किंवा वरून ऑर्डर वेगळी, म्हणून करता आलं नाही. १९८४ मध्ये अँड्र्यू जेमटन यांनी नर्सिंगच्याच संदर्भात याला नैतिक क्लेश असं नाव दिलं. पहिल्याला विश्रांती आणि वॉर्ड बदल कामी येतो. दुसऱ्याला येत नाही, तो टोचतच राहतो. त्यावर वॉर्डात उघड बोलणं, लेखी कळवणं हाच उतारा. घरी नवऱ्याला सगळा तपशील सांगायची गरज नाही, आणि पेशंटची गुप्तता म्हणून सांगूही नये. "आज एक गोष्ट मनाविरुद्ध झाली" एवढं पुरतं.

१५. हा नुसता थकवा आहे, बर्नआउट आहे की डिप्रेशन? कसं ओळखू?

थकवा दोन चांगल्या ऑफनंतर उतरतो. बर्नआउटला जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये कामाच्या ठिकाणचा परिणाम म्हटलं आहे, आजार नाही. ख्रिस्तिना मास्लाक यांच्या मांडणीत त्याची तीन टोकं: मन आटून जाणं, पेशंटला 'बेड नंबर सात' म्हणून वागवणं, आणि 'माझ्या कामाला काही अर्थ नाही' वाटणं. यात सुट्टीवर गेलं, जत्रेत फिरलं की मूळचं माणूस परत दिसतं. डिप्रेशन मात्र सोबत येतं. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसलात तरी ते शेजारी बसलेलं असतं.

आणि हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ तपासून घ्या. दुसऱ्यांचं रक्त काढणाऱ्या बाया स्वतःचं काढत नाहीत.

१६. आमच्या हॉस्पिटलने 'रेझिलियन्स ट्रेनिंग' ठेवलंय. ऑफच्या दिवशी. उपयोग होतो का?

ऑफच्या दिवशी ठेवलं तर मुळातच चुकलं.

प्रशिक्षणाचा थोडा फायदा होतो. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीच्या अशा ४४ चाचण्यांचा कॉक्रेन या संस्थेचा आढावा २०२० मध्ये आला. त्यात ताण आणि उदासी थोडी कमी झाल्यासारखी दिसली, पण पुराव्याचा भरवसा फार कमी होता. याउलट लिंडा एकन यांचा २००२ चा अभ्यास बघा. पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांत प्रत्येक नर्सवर एक पेशंट वाढला की तिच्या बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी आणि शस्त्रक्रियेच्या पेशंटांच्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. वॉर्डात चाळीस पेशंट आणि दोन सिस्टर असतील तर श्वासाचा व्यायाम शिकवून भागणार नाही. मी अशी प्रशिक्षणं घेते, मानधनही घेते, म्हणून सांगायचा हक्क आहे: आधी माणसं द्या.

तसंच नातेवाइकांनी हात उगारणं हा तुमच्या उभारीचा विषयच नाही. त्याला महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, नर्स त्यात येते, आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तक्रार द्या.

१७. समुपदेशकाकडे गेले तर नोकरीवर कळेल का? सासरी कळेल का?

कळवायचा हक्क कुणाला नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गुप्ततेचा हक्क लिहिलेला आहे. जिवाला धोका असे मोजके अपवाद सोडले तर. पण सोलापूर हे मोठं गाव आहे, वेटिंगमध्ये नणंदेची मैत्रीण भेटू शकते, हेही खरं. मग फोनपासून सुरुवात करा: टेलि-मानस ही सरकारी मदतवाहिनी, १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीत. नाइटच्या ब्रेकमध्ये गच्चीवरूनही लावता येतो.

१८. नवरा नाइट ड्युटीवरून संशय घेतो. मोबाइल तपासतो, एकदोनदा हात उचलला. ॲडजस्ट कसं करू?

करू नका. या पानावरचं 'समजून घ्या, सांगा, ऐका' हे सगळं जिथे भीती नाही तिथे लागू होतं. मारहाणीत 'संवाद वाढवा' हा सल्ला धोक्याचा असतो. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन, तातडीला ११२. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारच नाही, शिवीगाळ आणि पगार काढून घेणंही येतं, आणि राहत्या घरात राहण्याचा हक्क मिळतो. जखम असेल तर तपासून नोंद करून घ्या. आपण दुसऱ्यांच्या एमएलसी (पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद) करतो. स्वतःची करताना हात अडखळतो, मला माहीत आहे, म्हणून सोबत एखादी सहकारी न्या.

१९. मी एकटी आहे. नवरा वारला, पदरात मूल आहे. तुमचं सगळं लिखाण जोडप्यांसाठी आहे.

तुमचं बरोबर आहे. पण प्रश्न २ मधलं 'भरवशाचं माणूस' नवराच असावं असं कुठल्याही अभ्यासात नाही. बहीण, आई, वीस वर्षांपासूनची बॅचमेट, कोणीही. फक्त ते *एक* असून चालत नाही, तुमच्याकडे पर्याय हवेत, कारण ती बॅचमेटही नाइटला असते.

आपल्या गावच्या, युद्धात चीनमध्ये जाऊन सेवा केलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या पत्नी क्वो छिंगलान नर्सिंगच्या शिक्षिका होत्या हे फार जणींना माहीत नसतं. १९४१ मध्ये लग्न, १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा, आणि ९ डिसेंबर १९४२ ला डॉक्टर गेले. बाळ जेमतेम साडेतीन महिन्यांचं, बाहेर युद्ध. त्या २०१२ पर्यंत जगल्या, मधल्या काळात भारतातही येऊन गेल्या. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मी कशी सांगणार. पण स्मारकापाशी गेले की मला आधी त्याच आठवतात.

२०. शेजारचे सगळे इंजेक्शन, बीपी, सलाइनसाठी माझ्याकडेच येतात. नाही कसं म्हणू?

बीपीचा एक वार ठरवा, संध्याकाळी अर्धा तास. इंजेक्शन आणि सलाइन घरी नाही, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय तर अजिबात नाही. काही झालं तर तुमचं रजिस्ट्रेशन जाईल, त्यांचं नाही. सोबत आलेला शेंगाचटणीचा डबा ठेवून घ्यायला हरकत नाही.

२१. हे पान नवऱ्याला वाचायला देऊ का?

द्या. पण नाइट करून आल्याच्या सकाळी नको, आणि भांडणात पुरावा म्हणून तर नकोच. 'तू बघ, तुझ्याबद्दल काय लिहिलंय' म्हणून दिलंत तर तो पहिल्या ओळीलाच मिटवेल. प्रश्न ७ आणि ९ एवढेच आधी पाठवा. वाचून त्याने काही न बोलता पाण्याचा गजर लावला, तर तुम्हाला कळलंय असं दाखवू नका.